बंदूक, दुर्बीण आणि रानपिंगळा

‘दुर्बीण’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. दूर म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारी. नाव मोठे अन्वर्थक आहे. पण नाव सांगते तेवढ्यावर काम संपत नाही. लांबचे दिसणे निराळे आणि लांबचे स्वच्छ दिसणे निराळे. आणि जे आपल्याला स्वच्छ दिसले ते घरी नेऊन चार माणसांना दाखविता येणे, हे तर त्याहून निराळे. १६०८ साली हॉलंडातील हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने आपल्या दुर्बिणीसाठी सरकारकडे हक्क मागितला, आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओने ती आकाशाकडे वळविली. तेव्हापासून खलाशांनी तिच्यातून गलबते पाहिली, सेनापतींनी शत्रूचे तळ न्याहाळले, ज्योतिषांनी गुरूचे चंद्र मोजले. झाडावर बसलेल्या पाखराची पाळी मात्र फार उशिरा आली. पाखराकडे पाहणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हाती दीर्घकाळ दुर्बीण नव्हती, बंदूक होती.

हे आज ऐकायला चमत्कारिक वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्रज्ञ काही क्रूर माणसे नव्हती. त्यांची अडचण खरी होती. पानाआडून क्षणभर दिसलेल्या पाखराविषयी कोणी काही सांगितले, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? डोळा फसतो, स्मरण त्याहून फसते, आणि हौस या दोघांनाही फसविते. तेव्हा नियम असा ठरला, की पक्षी हातात आला पाहिजे, त्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला तारखेची व गावाची चिठ्ठी बांधून ते संग्रहात ठेवले पाहिजे. ती चिठ्ठी म्हणजे पुरावा. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव आपण जोडतो, ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे याच पंथाचे. हिंदुस्थानभर पसरलेल्या आपल्या मित्रांकडून त्यांनी पक्षी जमविले, आणि १८८५ साली, म्हणजे काँग्रेस जन्मली त्याच वर्षी, साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचा तो संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला.

आपल्या मुंबईतही १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाचे आत्माराम पांडुरंग, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. या सोसायटीच्या दारात पुढे एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि असा ठिपका कशाचा, हे घरात कोणाला सांगता येईना. सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांनी मुलाला हाकलून दिले नाही. कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांच्या साऱ्या आयुष्याचा ओघ त्या चिमणीपासून सुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. पण त्या गोष्टीतील एक बारकावा आपण विसरतो. चिमणीचे नाव कळण्यासाठी चिमणीला मरावे लागले होते.

बंदुकीला पर्याय म्हणून कॅमेरा पुढे आला तो इंग्लंडात. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशरच्या दोघा भावांनी १८९२ च्या वसंतात एका घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले, आणि तीन वर्षांनी घरट्यांवरचे सचित्र पुस्तक काढले. त्या काळची भिंगे आखूड पल्ल्याची आणि काचा मंद होत्या. पक्ष्याजवळ गेल्याशिवाय चित्र मिळत नसे, आणि जवळ गेले की पक्षी उडे. तेव्हा या भावांनी काय करावे? त्यांनी बैलाचे कातडे घेऊन एक पोकळ बैल तयार करविला, आणि एकजण कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात उभा राहू लागला! ट्रॉयच्या घोड्याची ही कुरणातली आवृत्ती वाचून हसू येते खरे. परंतु तत्त्व पक्के होते. पक्षी माणसाला भितो, तेव्हा माणूस दिसता कामा नये.

याच तत्त्वावर पुढची सत्तर-ऐंशी वर्षे पक्ष्यांचे छायाचित्रण चालले. बैल गेला, त्याच्या जागी कापडाचा आडोसा आला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडले, तेव्हा तिथून निसटून लोक वान थो नावाचा एक तरुण धनिक हिंदुस्थानात आला. वाटेत त्याच्या बोटीवर बाँब पडले होते. जीव वाचला हेच नशीब. इथे त्याची सालिम अलींशी मैत्री जमली, आणि दोघे मिळून कच्छपासून सिक्कीमपर्यंत हिंडले. लोक यांचा जन्म क्वालालंपूरचा, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या गावाशी आपले पुढे काम पडणार आहे. लोक यांनी आडोशात तासन् तास बसून घेतलेली चित्रे अप्रतिम आहेत. तथापि या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. घरट्यावर पक्षी पुनः पुनः येतो, म्हणून घरट्याचे चित्र मिळे. पण जो पक्षी कुठे राहतो हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी आडोसा बांधायचा तरी कुठे?

असा एक पक्षी आपल्याच खानदेशात होता.

पिंगळा कोणाला ठाऊक नाही? मराठी मुलखात पिंगळे दोन. एक पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येणारा जोशी, पाखरांची भाषा आपल्याला उमगते असे सांगणारा. आणि ज्याची भाषा त्याला उमगते तो दुसरा, वडापिंपळाच्या ढोलीत राहणारा, वीतभर उंचीचा, डोळे वटारून मान हलविणारा ठिपक्याठिपक्यांचा पक्षी. या दुसऱ्या पिंगळ्याचा एक चुलतभाऊ आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. १८७२ साली ब्ल्युइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडात तो मारला आणि ह्यूमकडे पाठविला. ह्यूमने पुढच्या वर्षी त्याला ब्ल्युइटचेच नाव दिले. नंतर जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील सनदी अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागात आणखी काही मिळविले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा गप्प झाला. जगातील मोजक्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी उरली, आणि जिवंत पक्षी कोणाच्या दृष्टीस पडेना.

सातांपैकी एका कातड्यावर चिठ्ठी होती ती अशी, की १९१४ साली तापीकाठच्या मांडवी गावी, म्हणजे गुजरातेत, कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी तो मारला. माइनर्ट्‌झहागेन हे मोठे नाव. सैन्यातील पराक्रम, पक्ष्यांचा प्रचंड संग्रह, समाजात वजन. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? म्हणून रानपिंगळ्याच्या शोधाला निघालेल्यांपैकी कित्येकांनी गुजरातची वाट धरली आणि रिकाम्या हाताने परतले. मधूनमधून कोणीतरी रानपिंगळ्याचे म्हणून छायाचित्रही पुढे करी. आशा पालवे. पण चित्र नीट पारखले की त्यातला पक्षी आपला नेहमीचा पिंगळाच निघे.

असे का व्हावे? कारण दोघांतील फरक तसाच बारीक आहे. पिंगळा सुमारे २१ सेंटिमीटर, रानपिंगळा २३. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचे कपाळ जवळजवळ कोरे. रानपिंगळ्याच्या छातीवर तपकिरी रंग सलग असतो, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे असतात, डोके आणि चोच जरा दांडगी, पायांवर पांढऱ्या पिसांचा जाड लेंगा. हे वाचायला सोपे आहे. परंतु सागाच्या झाडावर, शंभर पावलांवर, उन्हाच्या तिरिपीत बसलेल्या पक्ष्याचे कपाळ कोरे आहे की ठिपक्यांचे, हे पुसट चित्रातून कसे ठरवायचे? चित्र किंचित हलले की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि कपाळ कोरे दिसू लागते. पुसट चित्र नुसते अपुरे नसते. हवे ते बोलणारा साक्षीदार असतो.

विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या पॅमेला रासमुसेन या विदुषीने संग्रहालयांतील ही कातडी पुन्हा तपासावयास घेतली. मांडवीचा म्हणविला जाणारा पक्षी तिच्या नजरेत खुपला. त्याचे भरण उसवून पुन्हा भरले होते, पण मूळच्या हाताच्या खुणा पुरत्या गेल्या नव्हत्या. आणि तो हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधील डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता आणि त्यावर आपली चिठ्ठी डकविली होती. ज्या चिठ्ठीवर शास्त्राची भिस्त, तीच खोटी! बंदुकीने मिळविलेला पुरावाही निर्दोष नसतो, हा धडा विज्ञानाला असा मिळाला.

खोटी चिठ्ठी बाजूला पडताच खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावे उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ही तिघे निघाली. आधी पूर्वेकडची ठिकाणे धुंडाळली. हाती काही लागले नाही. मग ती डेव्हिडसनच्या मुलखात आली. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, २५ नोव्हेंबरच्या सकाळी झाडावर एक लहानसे घुबड बसलेले दिसले. कपाळ कोरे. छाती तपकिरी. पायांवर पांढरा लेंगा. ११३ वर्षांनी रानपिंगळा माणसाच्या नजरेसमोर बसला होता, तोही दिवसाउजेडी. कारण हा पक्षी इतर घुबडांसारखा केवळ रात्रीचा नाही.

यानंतर जे घडले, ते या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या तिघांनी बंदूक उचलली नाही. चित्रफीत घेतली, छायाचित्रे घेतली. कपाळ, छाती, पंख, पाय, साऱ्या खुणा त्या चित्रांत उतरल्या, आणि जगातील पक्षिशास्त्रज्ञांनी त्या मान्य केल्या. १८७२ साली रानपिंगळ्याची ओळख त्याच्या मरणाने पटली होती. १९९७ साली ती त्याच्या जिवंतपणी पटली. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सोसायटीतर्फे शोध घेतला, मेळघाटच्या रानात तो सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईपासून फारशा दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात त्याने दर्शन दिले.

आता क्वालालंपूर. रानपिंगळा सापडला त्याला दोन वर्षे होत होती. १९९९ साली त्या गावच्या लॉरेन्स पोह नावाच्या पक्षिवेड्याने एक छोटासा डिजिटल कॅमेरा आपल्या तिपाईवरील एकनळी दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला टेकवला आणि कळ दाबली. अशा दुर्बिणीला पक्षिनिरीक्षक स्पॉटिंग स्कोप म्हणतात. कॅमेरा निकॉनचा, ‘कूलपिक्स ९५०’ या नावाचा. जेमतेम वीस लाख ठिपक्यांचे चित्र देणारा. पण त्याचे भिंग लहान होते, दुर्बिणीच्या भिंगाशी नेमके जुळणारे. आणि चित्र कसे आले, हे पाठीमागच्या पडद्यावर तत्काळ पाहता येत होते. चित्र आले, आणि ते स्वच्छ आले! पोह यांनी आपली रीत जगाला मोकळेपणाने सांगितली. फ्रान्सच्या आलँ फॉसे यांनी तिला ‘डिजिस्कोपिंग’ हे नाव दिले. ज्या कामाला पूर्वी हातभर लांब आणि मूठभर श्रीमंतांनाच परवडणारी भिंगे लागत, ते काम सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्याची ही सुरुवात. आज तर खिशातला मोबाइल एका चापात बसवून दुर्बिणीला लावता येतो.

मात्र लावला की चित्र स्वच्छ येते, असे मुळीच नाही. ते का, हे समजण्यासाठी आपण लांब जायला नको. मुळशी तालुक्यातील घोटावड्याला जाऊ. पुण्याहून पौड रस्त्याने निघाले, की पिरंगुटला घोटावड्याचा फाटा लागतो. दिवाळीच्या सुमारास या भागात भाताची कापणी चालते; खाचरांत गायबगळे उतरतात, बांधावर टिटवी ओरडते. समजा, खाचरापलीकडच्या आंब्याच्या ढोलीत, ९० मीटरवर, एक पिंगळा बसला आहे. आपली दुर्बीण ३० पट मोठे दाखविणारी. म्हणजे पिंगळा जणू ३ मीटरवर, अंगणातल्या तुळशीवृंदावनावर येऊन बसला. केवढी मौज! परंतु ३० पट मोठा केवळ पिंगळा होत नाही. बोटाचा कंप, वाऱ्याची झुळूक, जवळून गेलेल्या बैलगाडीचा हादरा, सारेच ३० पट मोठे होते. म्हणून तिपाई जड हवी, तिचे पाय आखूड ठेवून पसरलेले हवेत, मधल्या दांड्याला वजन टांगलेले बरे. आणि कळ बोटाने दाबूच नये. दोन सेकंदांनी आपोआप उघडणारी सोय कॅमेऱ्यात असते, तिच्यावर सोपवावे. तेवढ्यात दुर्बिणीचे थरथरणे थांबते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ८० मिलिमीटर आहे असे धरू. २० पट वर्धनाला डोळ्याकडच्या बाजूने प्रकाशाची जी टिकली बाहेर पडते, तिचा व्यास ८० भागिले २०, म्हणजे ४ मिलिमीटर. वर्धन ४० केले, की टिकली २ मिलिमीटरची होते. व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ चतुर्थांश. तेवढाच प्रकाश कमी. मग शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात पिंगळा मान फिरवितो. नवशिक्याची धाव नेहमी मोठ्या आकड्याकडे असते. जाणता माणूस २० ते ३० वर थांबतो. लहान पण रेखीव चित्र मागाहून मोठे करता येते. मोठे आणि पुसट चित्र कशानेही रेखीव होत नाही. शिवाय टिकली आणि कॅमेऱ्याचे भिंग एकाच रेषेत आले नाहीत, तर चित्राभोवती काळे कडे पडते. कडे सगळीकडून सारखे असेल तर कॅमेऱ्याचे झूम थोडे वाढवावे. एकाच बाजूला असेल तर जोडणी वाकडी आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी, कारण ती दिसत नाही. दुर्बीण अंतर कमी करते. मधली हवा कमी करीत नाही. पिंगळा ३ मीटरवर आल्यासारखा दिसला, तरी मध्ये ९० मीटर हवा आहेच. ऊन चढले की कापलेल्या खाचराची जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर उठते, थंड हवा खाली येते, आणि या घुसळणीतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. चुलीवरच्या वाफेपलीकडची भिंत थरथरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. मग जगातली सर्वांत महाग दुर्बीण आणि सर्वांत भक्कम तिपाईही काही करू शकत नाही. उपाय एकच, आणि तो फुकटचा: पहाटे उठावे. सूर्य पाठीशी, जमीन अजून गार, हवा स्थिर, असा तास-दीड तास मिळतो. फोकस पिंगळ्याच्या डोळ्यावर धरावा, कारण डोळा रेखीव असला की सारा पक्षी जिवंत वाटतो. आणि एक नव्हे, लागोपाठ दहा चित्रे घ्यावीत. त्यांतली नऊ वाया जातात. एक राहते.

हे सारे सांगितले ते हौशी लोकांना युक्त्या शिकविण्यासाठी नव्हे. सांगावयाचे ते असे, की स्वच्छ चित्रामागे जे गुण लागतात, तेच चांगल्या साक्षीदाराचे गुण आहेत. हात स्थिर, जागा पक्की, हाव बेताची, वेळ योग्य, आणि मधल्या धुक्याची जाणीव. इतिहास लिहिणाऱ्यालाही याहून निराळे काय लागते? माइनर्ट्‌झहागेनजवळ बंदूक होती, ज्ञान होते, नाव होते. फक्त सचोटी नव्हती. त्यामुळे त्याचा पुरावा हातात घेता येण्यासारखा असूनही खोटा ठरला. आणि शहाद्याजवळच्या त्या सकाळी पुरावा होता तो हातात न येणारा, केवळ प्रकाशाचा. पण तो खरा होता. आज २००२ पासून चालणाऱ्या ‘ई-बर्ड’सारख्या जागतिक नोंदवहीत कोणी दुर्मिळ पक्ष्याची नोंद केली, तर तपासणारा पुष्कळदा पहिला प्रश्न हाच विचारतो, की छायाचित्र आहे का? पूर्वी विचारीत, की कातडे आहे का? दीडशे वर्षांत प्रश्न एवढा बदलला, याला मी प्रगती म्हणतो.

त्यात आणखी एक पुण्य आहे. दुर्बिणीतून चित्र घेणारा मुळातच लांब उभा असतो. त्याला ढोलीपाशी जायचे कारण नाही, फांद्या तोडायच्या नाहीत, उजेड पाडून पक्ष्याला दिपवायचे नाही. रानपिंगळा अजूनही धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. सागाची मोकळी राने आणि जुन्या झाडांच्या ढोली हेच त्याचे घर, आणि ते दरवर्षी आक्रसत आहे. ज्याला त्याचे दर्शन हवे, त्याने अंतर राखावे, हीच त्याची सर्वांत मोठी सेवा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघर दिवे लागतील. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचे नाव घेतात, ते घुबडच याच दिवसांत कुठे कुठे मंत्रतंत्रासाठी पकडले आणि मारले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी असूनही. लक्ष्मीला बोलवायचे आणि तिचे वाहन मारायचे, हा कुठला हिशेब? त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पहाटे उठवावे, अभ्यंगस्नान उरकून, फराळाचा डबा बरोबर घेऊन गावाबाहेरच्या जुन्या झाडापाशी न्यावे, आणि शंभर पावलांवर तिपाई रोवावी. ढोलीतला पिंगळा डोळे वटारून मान हलवील. मुले हसतील. सालिम अलींना त्या चिमणीचे नाव विचारण्यासाठी तिला हातात घेऊन जावे लागले. या मुलांना पिंगळ्याचे चित्र घेऊन जाता येईल, आणि पिंगळा आपल्या ढोलीतच राहील.